फाटकापासून पडवीपर्यंत

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर घरे बदलली, तशी घरापुढची जागाही बदलली. जुन्या वाडीत बेड्यापासून ओटीपर्यंत माणसाला आणि फार तर बैलगाडीला पुरेल एवढी वाट असे. बाकी सगळी माती, पोफळी आणि नारळ. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईची मोटार थेट वाडीच्या तोंडाशी येऊ लागली. गावात बारमाही राहणाऱ्यांच्या दारातही आता दुचाकी, रिक्षा किंवा टेम्पो असतोच. फाटकापासून पडवीपर्यंतच्या पंधरा-वीस मीटरांत काय घालायचे, हा प्रश्न त्यामुळे घर बांधणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. बहुतेक वेळा तो सगळ्यात शेवटी, पैसे संपत आले असताना घाईघाईने सुटतो: काँक्रीट ओता, पेव्हर ब्लॉक बसवा, नाहीतर ट्रकभर खडी टाका. माझे म्हणणे असे, की या किनाऱ्यावर बहुतेक घरांसाठी खडी हाच यांतला शहाणा पर्याय आहे. पण तिची निवड आणि बांधणी पाण्याचा विचार करून झाली, तरच. उघड्या मातीवर ओतून पसरलेली खडी दोन पावसाळ्यांत चिखलात जाते आणि मग खडीच वाईट, असा निष्कर्ष निघतो.

आधी पाण्याचा हिशोब करू. अलिबागेत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गाडीवाट ३ मीटर रुंद आणि २० मीटर लांब, म्हणजे ६० चौरस मीटरची धरली, तर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला की तेवढ्या पट्ट्यावर ६,००० लिटर पाणी पडते. हंगामाचे मिळून १ लाख २० हजार लिटरच्या वर जाते. काँक्रीटवरून यातले बहुतेक पाणी वाहून जाते. उतार फाटकाकडे असेल तर ते रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या आवारात शिरते, घराकडे असेल तर जोत्याशी साचते. आणि जमिनीला मुकते, हे तर आहेच. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा इथल्या वाड्या विहिरींच्या जिवावर उभ्या राहिल्या. किनाऱ्यालगतच्या वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. उपसा वाढला आणि भर कमी पडली, की खालचे खारे पाणी वर सरकते. नारळ थोडे खारेपण सोसतो, सुपारीला ते सोसवत नाही. एका घराच्या वाटेमुळे विहीर खारट होणार नाही, हे खरे. पण एका वाडीचे आठ-दहा प्लॉट पडतात, प्रत्येक प्लॉटात बंगला, बंगल्याभोवती फरसबंदी आणि फाटकापर्यंत काँक्रीट येते, तेव्हा पाणी पिणारी जमीन किती उरली हे कोणी मोजत नाही. इंग्लंडमध्ये हे मोजावेसे वाटले. तिथे १ ऑक्टोबर २००८ पासून घरापुढच्या ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करून पाणी रस्त्याकडे सोडायचे असेल, तर परवानगी घ्यावी लागते. खडीसाठी ती लागत नाही. लंडनमध्ये वर्षभरात पडणारा पाऊस आपल्याकडे एका चांगल्या जुलैत सहज पडून जातो, हे लक्षात घेतले तर या नियमाची गरज कोणाला जास्त आहे ते वेगळे सांगायला नको.

पेव्हर ब्लॉकला सांधे असतात, त्यांतून पाणी मुरतेच की, असे कोणी म्हणेल. नव्या कामात थोडे मुरतेही. पण ते सांधे धुळीने आणि शेवाळाने लवकर बुजतात. जे पाणी खाली उतरते ते ब्लॉकखालची बारीक वाळू किंवा कच घेऊन बाजूला सरकते, कारण कडेची बांधणी बहुतेक ठिकाणी नावापुरती असते. मग चाकाच्या रेषेत ब्लॉक खचतात आणि खचलेल्या जागी डबके साचते. काँक्रीटची गोष्ट वेगळी. चांगल्या पायावर, पुरेशा जाडीचे, नीट पाणी मारून पिकवलेले काँक्रीट टिकते, यात शंका नाही. पण घरगुती कामात चार इंच जाडी ठरते आणि तीन भरते, जाळी टाकलीच तर ती जमिनीला टेकलेली असते, आणि खाऱ्या हवेत अशा जाळीला गंज चढून वरचा थर फुटतो. आंब्याची किंवा फणसाची मुळे खालून जोर लावतात ते निराळेच. पाण्याशी भांडणारे बांधकाम या किनाऱ्यावर महागात पडते, आणि हे इथल्या जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळात, १६८० च्या सुमारास उभा राहू लागला. त्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी दगडांमधल्या फटींत शिरते, तिथे त्याचा जोर मोडतो आणि ते परत जाते. सव्वातीनशेहून अधिक पावसाळे त्या तटाने असे काढले आहेत.

तरीही एका आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवे, कारण तो रस्तेबांधणीच्या मुळाशी आहे. आज आपण ज्याला खडीकरण म्हणतो त्या पद्धतीचा पाया घालणारा स्कॉटिश अभियंता जॉन लाउडन मॅकअॅडम (१७५६–१८३६) सांगत असे, की रस्त्यावरचा भार शेवटी खालची जमीनच पेलते, आणि जमीन कोरडी असेल तरच ती पेलू शकते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवायचा, त्याला मध्यापासून दोन्ही बाजूंना ढाळ द्यायचा आणि पाणी लवकर बाहेर काढायचे. मग आपण पाणी मुरवायच्या गोष्टी करतो, ते वाट कमजोर करणे नाही का? उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. नागाव-आक्षीच्या वाळवट जमिनीत पाणी थांबत नाही, आणि बाजूने आवळून धरलेली ओली वाळू घरगुती मोटारीचा भार सहज पेलते. तिथे पाणी सरळ खाली जाऊ द्यावे. भातखाचरांच्या चिकण जमिनीचे तसे नाही. ती ओली झाली की लोण्यासारखी होते, चाकाच्या प्रत्येक दाबासरशी खडी खाली आणि चिखल वर येतो. अशा ठिकाणी मॅकअॅडमचे ऐकावे: वाट आजूबाजूपेक्षा हातभर नाही तरी वीतभर उंच घ्यावी, तळालाच एका बाजूला ढाळ द्यावा आणि त्या बाजूने खडीने भरलेला चर काढावा. वाटेवरचे पाणी खडीतून झिरपून त्या चरात जाते आणि चाकांपासून दूर, झाडांच्या बाजूला मुरते. आपली जमीन कोणत्या जातीची, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. हातभर खोल खणून मूठभर माती घ्यावी, ओली करून तळहातांत वळावी. बोटभर लांब वळी झाली आणि ती मोडली नाही, तर जमीन चिकण आहे. वळी होतच नसेल, कण सुटत असतील, तर निम्मे काम निसर्गानेच करून ठेवले आहे.

जुलैत सखल वाड्यांमधल्या विहिरी काठोकाठ येतात, जमीनच तुडुंब भरलेली असते, तेव्हा खडी पाणी मुरवणार कुठे, हाही प्रश्न रास्त आहे. त्या दिवसांत ती फारसे मुरवू शकत नाही. पण खडीच्या थरात पोकळी असते. ५ सेंटिमीटरचा वरचा थर आणि १५ सेंटिमीटरचा पाया, दोन्ही मातीविरहित असतील, तर ६० चौरस मीटरच्या वाटेत ३,००० ते ४,००० लिटर पाणी काही काळ सामावते. मोठी सर ओसरेपर्यंत एवढा आधार पुरे होतो. त्याहून जास्त आलेल्या पाण्याला बाहेर पडायची जागा हवीच, आणि ती आधी ठरवलेली हवी. म्हणून खडी असली तरी ढाळ टळत नाही. मध्यापासून कडेपर्यंत चाळीस-पन्नासास एक एवढा ढाळ डोळ्यांना जाणवतही नाही आणि काम करतो.

आता दगड कोणता, ते पाहू. रायगडचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट. टणक, जड आणि न झिजणारा. पनवेल, उरण, पेण या भागांतल्या क्रशरवरून हीच खडी येते. यंत्रात फुटल्यामुळे तिच्या प्रत्येक तुकड्याला धारदार कडा असतात आणि सगळे महत्त्व त्या कडांना आहे. चाक वरून गेले की कोनाकोनांचे तुकडे एकमेकांत अडकतात आणि दाबासरशी अधिक घट्ट बसतात. दुकानात पोत्यांतून मिळणारे पांढरे किंवा रंगीत गुळगुळीत गोटे दिसायला देखणे असले, तरी चाकाखाली ते एकमेकांवरून घरंगळतात. मोटार त्यात रुतते, दुचाकी घसरते, आणि पाऊस जोराचा असला की निम्मे गोटे गवतात सापडतात. कुंड्यांभोवती, झाडांच्या आळ्यांभोवती ते शोभतील, गाडीवाटेत नकोत. मुरूड-श्रीवर्धनकडे हाताशी असलेल्या जांभ्याचाही मोह होतो, कारण लाल रंग कोकणच्या घराला खुलून दिसतो. पण फोडलेला जांभा चाकाखाली कुटला जातो आणि त्याची लाल राड पडवीपर्यंत येते. जांभ्याने कडेला उभे राहावे. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिरे उभे गाडले तर खडी जागची हलत नाही, आणि त्यासाठी याहून चांगली वस्तू इथे मिळत नाही. दक्षिणेकडच्या गावांतल्या पाखाड्यांत शतकानुशतके पायांखाली टिकून राहिलेला हाच दगड आहे. त्याला चाकांखाली घालून उगाच हाल करू नयेत. राहिली समुद्रकाठची वाळू आणि शिंपले-गोटे. ते उचलायची कल्पनाही करू नये. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने किनाऱ्यावरची वाळू आणि दगड काढायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ज्या वाळूच्या आडोशाने गाव राहते ती उचलून अंगणात आणणे म्हणजे स्वतःच्या घराचा बांध फोडणे.

आकाराबद्दल घरमालकांचा गोंधळ होतो तो वरचा थर आणि खालचा थर एकच समजल्यामुळे. पायाला ४० मिलिमीटरची खडी, तिच्या फटी भरायला २० मिलिमीटरची. वरच्या थराला १२ ते २० मिलिमीटरच्या दरम्यानची. त्याहून बारीक घेतली तर ती टायरच्या नक्षीत आणि चपलांच्या तळव्यांत अडकून घरात येते. त्याहून मोठी घेतली तर चालताना घोटा मुरगळतो. ट्रक रिकामा होण्याआधी मूठभर खडी काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळावी. पाणी राखाडी झाले तर ती दगडाची धूळ आहे, पहिल्या पावसात खाली बसेल. लालसर गढूळ झाले तर खडीत माती मिसळलेली आहे. वरच्या थरासाठी ती घेऊ नये. चपट्या कपच्या जास्त दिसल्या, तर त्याही नाकाराव्यात. त्या वजनाखाली मोडतात, पाट्यासारख्या आडव्या बसतात आणि पाणी अडवतात.

बांधणीत सगळ्यात जास्त चूक होते ती मुरमाची. काळ्या खडीच्या पायात मुरूम घालून, पाणी मारून, रोलर फिरवला की वाट सिमेंटसारखी घट्ट होते, असे ठेकेदार सांगतो आणि त्या दिवशी ते खरेही असते. सरकारी रस्त्याच्या खडीकरणात मुरूम बांधणीसाठी वापरतात, पण त्यावर पुढे डांबराचे छप्पर येते. आपल्या वाटेवर ते येणार नाही. मॅकअॅडमचा तर दंडकच होता, की दगडात माती किंवा पाणी शोषणारे काहीही मिसळायचे नाही. मुरमाने फटी बुजल्या की पाणी मुरायचे थांबते, पावसात मुरूम मऊ होतो आणि खडी सुटी पडते. पाया निव्वळ दगडाचा ठेवावा. वरची सुपीक माती आणि मुळे पूर्ण काढून टाकावीत. ती बागेत कामी येते. खणलेल्या तळावर जिओटेक्स्टाइल अंथरावे. लोकरीच्या नमद्यासारखे हे जाड कापड पाणी जाऊ देते, पण माती आणि खडी एकमेकांत मिसळू देत नाही. त्याऐवजी निळी ताडपत्री किंवा काळे प्लॅस्टिक घालणे साफ चूक, कारण मग वाटेच्या पोटात तळे होते. कापडावर खडी एकदम न ओतता तीन-तीन इंचांचे थर करावेत आणि प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, ते नसेल तर लोखंडी धुमसाने ठोकावा. धुमस आपटल्यावर सुरुवातीला बद्द आवाज येतो आणि तुकडे बाजूला उडतात. थर बसला की आवाज टणक होतो आणि धुमस हाताला उसळी देतो. तोवर पुढचा थर घालू नये. वाळवट जमिनीत असा १५ सेंटिमीटरचा पाया पुरतो. चिकण जमिनीत २५ सेंटिमीटर घ्यावा, आणि आवारात पाण्याचा टँकर येत असेल तर तळाला डबराचे सोलिंगही करावे. वरचा थर मात्र ४ ते ५ सेंटिमीटरच. जास्त खडी म्हणजे जास्त मजबुती असे इथे नसते. वरचा सुटा थर जाड झाला की चाके त्यात पोहू लागतात.

मापाचे बोलायचे तर खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर आणि चार टनांहून थोडे अधिक वजन. आपल्या ६० चौरस मीटरच्या वाटेला वाळवट जमिनीत पायासाठी दबून बसण्याचा हिशोब धरून चार ब्रास आणि वरच्या थरासाठी एक ब्रास लागते. खडी हे गौण खनिज आहे, तिच्यावर सरकारला स्वामित्वधन भरावे लागते आणि ट्रकसोबत वाहतुकीचा पास असावा लागतो. तो मागावा. डोंगर फोडून आणलेला दगड आपल्या दारात येतो, तेव्हा तो परवान्याच्या खाणीतून आला की कुणाच्या तरी गावामागची टेकडी रात्री पोखरून, एवढे विचारणे आपले काम आहे. खडीसाठीही डोंगर फुटतोच, मग काँक्रीटवर कशाला बोट ठेवायचे, या आक्षेपात तथ्य आहे. पण काँक्रीटच्या पोटातही हीच खडी असते. त्याच वाटेवर १० सेंटिमीटरचे काँक्रीट ओतले, तर खडी आणि वाळूखेरीज सुमारे दोन टन सिमेंट जाते, खाली सोलिंग वेगळे. आणि उद्या पाइपलाइन टाकायची झाली, तर काँक्रीट फोडून त्याचा राडारोडा टाकायला जागा शोधावी लागते. खडी बाजूला ओढून पुन्हा तिथेच पसरता येते.

खडी सगळीकडे मात्र घालू नये. कोकणातले अंगण हे नुसते रिकामे आवार नसते. तिथे तुळशीवृंदावन आहे, आमसुले आणि सुपारी वाळत पडते, मुले अनवाणी खेळतात, म्हातारी माणसे काठी टेकत फिरतात. धारदार खडीवर यातले काहीच नीट होत नाही, आणि चाकाच्या खुर्चीला तर ती अडथळाच आहे. अंगण मातीचे, चिऱ्याचे किंवा लादीचे राहू द्यावे. घरात वृद्ध असतील तर फाटकापासून ओटीपर्यंत चिऱ्यांची एक सलग पायवाट खडीच्या कडेने काढावी. चढ दहास एकपेक्षा तीव्र असेल तर पावसात खडी पायथ्याशी येऊन पडते. तिथे चाकांपुरते काँक्रीटचे दोन पट्टे आणि मधे खडी, हा मार्ग बरा. खडीत साप-विंचू होतात, ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. वीस मिलिमीटरच्या खडीत साप राहण्याएवढी पोकळी नसते. ती असते न बुजवलेल्या गडग्यात, उरलेल्या डबराच्या ढिगात आणि रचून ठेवलेल्या चिऱ्यांत. काम संपल्यावर ते ढीग हलवावेत. याउलट एका जागी खडी हमखास उपयोगी पडते आणि तिथे ती कोणी घालत नाही. कौलारू छपराच्या पागोळ्या जिथे पडतात, त्या रेषेत हातभर रुंद खडीची पट्टी घातली, तर मातीत खळगे पडत नाहीत आणि भिंतीवर चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत. फक्त तिचा ढाळ जोत्यापासून बाहेरच्या बाजूला असावा.

खडीची देखभाल करावी लागते, ही तक्रार खरी आहे. वाडीतल्या वाटेवर तिचा मोठा शत्रू गवत नसून पालापाचोळा आहे. सुरूच्या काड्या, आंब्याची पाने, पोफळीची सोपे खडीवर कुजली की त्यांची माती होते, फटी बुजतात आणि मग टाकळा आणि गवत उगवते ते त्या वरच्या मातीत, खालच्या जमिनीत नव्हे. म्हणून पाने कुजण्याआधी ओढावीत, आणि गणपतीच्या आधी व दसऱ्यानंतर एकेकदा दाताळे फिरवून चाकोऱ्यांतली खडी पुन्हा मधे आणावी. तणनाशक मारू नये. ज्या वाटेतून पाणी विहिरीकडे जावे म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्यावरच विष ओतण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षांनी वर पातळ थर टाकावा लागतो, अर्धा ब्रासही पुरतो. कामाची वेळही पावसाशी जुळवून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये खणून, कापड घालून, कडेचे चिरे उभे करून पाया ठोकून घ्यावा आणि वरचा थर न घालताच एक पावसाळा जाऊ द्यावा. मोटार तशा पायावरूनही नीट जाते. त्या चार महिन्यांत पाणी कुठे थांबते, कोणत्या कडेने उतरते, चाक कुठे दबते, हे स्वच्छ दिसते. तिथे खुंट्या मारून ठेवाव्यात, दसऱ्यानंतर आधी तेवढी जागा उकरून ढाळ दुरुस्त करावा, पुन्हा ठोकावी आणि वरच्या थराची खडी त्यानंतर मागवावी.